पहिली सही

टाळ्या थांबल्या, आणि डॉ. कुरुंदवाडे बाईंनी टेबलावरचा फॉर्मचा गठ्ठा उचलून समोर बघितलं.

"मग, कोण येतंय पुढे?" त्यांनी विचारलं.

सभागृहात बासष्ट माणसं होती आणि बासष्टच्या बासष्ट जणांना एकदम आपापल्या चपला बघाव्याशा वाटल्या. कुणी चष्मा पुसायला काढला, कुणाला खोकला आला. अध्यक्ष साळुंखे सर माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. आमचं तसं ठरलंच होतं. मी उठलो.

मी रघुनाथ तांबवेकर. बत्तीस वर्षं एस.टी.त काढली. त्यातली शेवटची अकरा वर्षं विट्याच्या आगारात वाहतूक नियंत्रक होतो, म्हणजे खिडकीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माइकवरून सांगायचं. निवृत्त झालो तसा गावातल्या सायंतारा ज्येष्ठ नागरिक संघाने मला पकडलं. माइकची भीती नसलेला माणूस त्यांना हवाच होता. दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता संघात बाहेरचा वक्ता येतो. त्याला शोधायचं, फोन करायचे, स्टँडवर घ्यायला जायचं, ओळख करून द्यायची, शाल-नारळ द्यायचा आणि शेवटी आभार मानायचे, हे सगळं माझ्या गळ्यात.

काम सोपं नाही हो. गावातले डॉक्टर दोन महिन्यांत संपतात. मग मधुमेहावर तिसऱ्यांदा कोण बोलणार? एकदा योगासनांवाले आले, त्यांनी सगळ्यांना सतरंजीवर बसवलं, आणि मग उठवायला आम्हाला अर्धा तास लागला. सगळ्यात वाईट म्हणजे शेवटची प्रश्नोत्तरं. वक्ता मोठ्या उमेदीने "काही शंका?" म्हणतो आणि आमची माणसं चहा कधी येतो ते बघत बसतात. वक्त्याचं तोंड उतरलेलं मला बघवायचं नाही. म्हणून मी एक युक्ती काढली होती. आधीच दोघा-तिघांच्या हातात प्रश्न लिहिलेली चिठ्ठी द्यायची. सगळ्यांना ते ठाऊक होतं, कुणाची तक्रार नव्हती. फक्त एकदा भिंगारदिव्यांनी उभं राहून प्रश्नाबरोबर "हा प्रश्न दुसऱ्या नंबरला विचारणे" हेही वाचून दाखवलं.

तर त्या वेळी लागोपाठ तीन गुरुवार वाया गेले होते. एक वक्ता आलाच नाही, एक आला तो स्वतःच्या कवितांची वही घेऊन आला, आणि तिसऱ्याच्या वेळी अर्धी सभा झोपली. साळुंखे सर मुख्याध्यापक राहिलेले, त्यांना अशी फजिती सहन होत नाही. अशात मी देहदानावर बोलायला जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या कुरुंदवाडे बाईंना फोन केला. बाई फटकळ. म्हणाल्या, आजवर तीस संघांत गेले, लोक टाळ्या वाजवतात, पोहे खायला घालतात, पण फॉर्म एक भरत नाही. तुमच्याकडेही तसंच असेल तर माझा दिवस घालवू नका. मी ते सरांना सांगितलं. सर म्हणाले, "तांबवेकर, एक जण तरी उठायला हवा. तुम्हीच उठा. पुढचं पुढे बघू."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. प्रश्न पेरतो तशी एक सही पेरायची. नंतर फॉर्म परत मागून घेता येतो, एवढी चौकशी मी करून ठेवली होती.

आणि खरं सांगतो, मरणाची मला भयंकर भीती. माझ्या स्वतःच्या मरणाची राहू दे, कुणाच्याही. वडील गेले तेव्हा मी थोरला, अग्नी मी दिला आणि तिथेच कोसळलो. चुलत भावांनी उचलून घरी आणलं. त्यानंतर मी स्मशानाच्या आत पाऊल टाकलेलं नाही. संघातलं कुणी गेलं की फोन करणं, गाडी सांगणं, फळ्यावर नाव लिहिणं, शोकसभेत बोलणं, सगळं मी करायचो, पण स्मशानाच्या फाटकापाशी पाण्याचा नळ आहे तिथे थांबायचो. लोकांना वाटायचं, मी व्यवस्था बघतोय. माझी बायको मंदा, तिला मात्र खरं काय ते माहीत होतं. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही.

मंदा त्या दिवशी बायकांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत बसली होती. तिला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगायचं असतं हे डोक्यातच आलं नाही.

मी माइक हातात घेतला आणि आधी पाठ केलेली दोन वाक्यं म्हटली. बत्तीस वर्षं लोकांच्या गाड्या सोडल्या, आता स्वतःची गाडी सुटेल तेव्हा हा देह कुणाच्या तरी शिक्षणाला उपयोगी पडावा, असं काहीतरी. आवाज छान लागला होता. मग मी वाकून सही केली. अशा टाळ्या आमच्या संघात कधी ऐकल्या नव्हत्या. कुरुंदवाडे बाईंनी मला हात जोडले.

"जवळच्या नातेवाइकाची सही लागते," बाई म्हणाल्या. "घरचं कुणी आलंय का?"

सगळ्या माना बायकांच्या बाजूला वळल्या. मंदा उठली, खांद्यावरून पदर घेतला आणि सावकाश पुढे आली. मला वाटलं, चष्मा विसरले, घरी विचारून सांगते, असं काहीतरी म्हणेल आणि मला सोडवेल. तिने पर्समधून चष्मा काढला आणि अख्खा फॉर्म वाचला. मग तिने नातेवाइकाच्या जागी सही केली, माझ्याकडे बघितलं आणि बाईंना म्हणाली, "मला एक कोरा द्या."

ही माझी बायको, एक एकादशी न चुकवणारी, दशक्रियेच्या दिवशी कावळा शिवला नाही तर रडकुंडीला येणारी. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "अगं, घरी जाऊन विचार करू."

माइक चालू होता. सगळी सभा हसली. साळुंखे सर म्हणाले, बघा, एवढा मोठा त्याग करणारा माणूस बायकोच्या बाबतीत कसा हळवा होतो. पुन्हा टाळ्या.

मंदाने फॉर्म भरता भरता मान वर न करता हळूच विचारलं, "तुम्ही घरी विचार केला होतात का?"

त्या माइकपुढे, त्या टाळ्यांपुढे मी काय बोलणार होतो? हे ठरवून केलं होतं, असं म्हणालो असतो तर सर तोंडघशी पडले असते, बाई कायमच्या दुखावल्या असत्या आणि माझं गावभर हसं झालं असतं. मंदाने फॉर्म माझ्यापुढे सरकवला. नातेवाइकाची सही माझीच लागणार होती. तिच्या नावाखाली मी माझं नाव लिहिलं.

मग काय, एकाने सुरुवात केली की रांग लागते. आणखी नऊ जण उठले. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी आभार मलाच मानायचे होते, ते मी मानले. काय बोललो ते एक अक्षर आठवत नाही.

सभा संपली आणि आम्ही घरी निघालो. मी वाटेत वाक्य तयार करत होतो. मंदा, ते सगळं आधी ठरलेलं होतं, फॉर्म परत घेता येतात, उद्याच जाऊन दोन्ही घेऊन येतो. एवढंच तर बोलायचं होतं. तिने देवापाशी दिवा लावला, हात जोडले आणि तिथेच पाटावर बसून माझ्याकडे वळली.

"इतकी वर्षं तुम्हाला माइकवर ऐकतेय," ती म्हणाली. "सगळं दुसऱ्यांचं सांगत आलात. आज पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी बोललात. मला फार बरं वाटलं."

लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती. या बाईने माझ्याबद्दल असं कधी म्हटलेलं मला आठवत नव्हतं. मूलबाळ नाही, त्यावरून कुणी बोललं तर ती माझी बाजू घ्यायची. पण कौतुक असं नाही. मी म्हटलं, चहा टाक.

त्या दिवसापासून मी अडकलो. दोन आठवडे मला झोप नाही. डोळे मिटले की महाविद्यालयातलं ते शरीर फाडायचं टेबल दिसायचं, कधी त्यावर मी, कधी मंदा. मधल्या काळात आमच्या नावाची देहदानाची दोन कार्डं महाविद्यालयातून टपालाने आली. मंदाने ती फोनच्या वर भिंतीला शेजारी शेजारी चिकटवली. येणारा-जाणारा बघायचा, हात जोडायचा. दुधवाल्याने माझ्या पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं.

शेवटी एक दिवस पेन्शनचं काम आहे असं सांगून मी जिल्ह्याला गेलो आणि कुरुंदवाडे बाईंच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. खरं ते सगळं सांगितलं. सभेची युक्ती सांगितली, भीतीही सांगितली. वाटलं, बाई झाडतील. त्यांनी फाइल काढली, माझा फॉर्म शोधला आणि माझ्या हातात दिला.

"यात कुणी कुणाला बांधून ठेवत नाही, काका. घाबरू नका," त्या म्हणाल्या. "आणि काकूंचा?"

"तिचा राहू द्या," मी म्हटलं. "तिने मनापासून भरलाय. फक्त माझं तिला कळू देऊ नका."

बाई बरं म्हणाल्या. मी तो फॉर्म स्टँडवर फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि विट्याची गाडी पकडली. तिचाही त्याच दिवशी परत का नाही आणला? कारण तो आणायचा तर तिला सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं असतं तर त्या दिव्यापाशी ती जे बोलली ते तिने मागे घेतलं असतं. मी मनाची समजूत काढली, की शेवटी नातेवाइकाची संमती लागतेच, आणि नातेवाईक मीच. तिचं काही झालं तर नाही म्हणायला मी आहे.

पुढे तर कहर झाला. आसपासच्या संघांतून मला बोलावणी यायला लागली. भाळवणीला बोललो, खानापुराला बोललो, आळसंदच्या शाळेत बोललो. विषय देहदान. ज्याचा स्वतःचा फॉर्म कचऱ्याच्या डब्यात गेलेला तो माणूस शाल-नारळ घेत हिंडत होता. नको म्हणायचो, पण मंदाच परस्पर होकार द्यायची. माझा पांढरा सदरा इस्त्री करून ठेवायची आणि पहिल्या रांगेत येऊन बसायची. तिच्याकडे न बघता बोलायची मी सवय करून घेतली. अशी सहा वर्षं गेली.

माघातली सकाळ होती. मंदा अंगणात तुळशीला पाणी घालून आत आली, छातीत कसंतरी होतंय म्हणाली आणि पलंगावर टेकली. शेजारचे डॉक्टर धावत आले तोवर सगळं संपलं होतं. साडेसात वाजले होते.

दहा वाजेपर्यंत इस्लामपूरहून माझा पुतण्या सुहास आला. संघातली माणसं अंगणात जमली होती. साळुंखे सर काठी टेकत आले आणि खुर्चीवर बसून राहिले. माझ्याकडे बघताना त्यांच्या नजरेत आदर होता, मला तो सहन होत नव्हता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. तीन-तीन गावांत जाऊन सांगितलेलं आता मी करून दाखवणार, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

सुहासने मला आतल्या खोलीत नेलं. तो पन्नाशीचा, समजूतदार माणूस. म्हणाला, "काका, कागदाचं काही मनावर घेऊ नका. तुमची इच्छा नसेल तर आपण रीतसर सगळं करू. मी तयारीला सांगतो, तुम्ही फक्त हो म्हणा."

सहा वर्षं मी ज्या दाराची आशा धरून बसलो होतो ते दार हे. हो म्हटलं की मंदा त्या टेबलावर जाणार नव्हती. पण हो म्हटलं की अग्नी द्यायला मीच. फाटकाच्या नळापाशी थांबून चालणार नव्हतं. मी पलंगाकडे बघितलं. कपाळावर कुंकू होतं, शेजारणीने लावलेलं, जरा तिरकं. मी स्वतःशी खोटं बोलणार नाही. मला तिच्या इच्छेची आठवण झाली म्हणून मी ठरवलं असं नाही. मला चितेची भीती वाटली. त्या भीतीपोटी मी उठलो आणि भिंतीवरच्या कार्डावरचा नंबर फिरवला. अंगणातल्या लोकांनी ते बघितलं आणि कुणीतरी हुंदका दिला. सर म्हणाले, धन्य आहे. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

महाविद्यालयाची गाडी बाराच्या सुमाराला आली. कुरुंदवाडे बाई स्वतः बरोबर आल्या होत्या. त्यांचे केस सहा वर्षांत बरेच पिकले होते. मी आणि सुहास गाडीतूनच गेलो. तिथे पोचल्यावर दोघा माणसांनी मंदाला आत नेलं आणि बाईंनी मला त्यांच्या खोलीत बसवलं. सुहास दाराशी उभा राहिला. टेबलावर एक कागद होता, ताबा दिल्याचा, खाली नातेवाइकाच्या सहीची जागा.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाई, मी तिला फसवलं. माझ्या नाटकापायी ती आज इथे आलीय."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काका, तुम्ही फॉर्म परत नेलात ना, त्याच्या पुढच्या महिन्यात काकू इथे आल्या होत्या."

मी खुर्ची पुढे ओढली.

"एकट्याच आल्या होत्या. विचारलं, ह्यांनी फॉर्म परत नेला का? तुम्हाला शब्द दिला होता, म्हणून मी काहीच बोलले नाही. तर म्हणाल्या, राहू द्या, कळलं मला. दोन आठवडे जागे होते आणि जिल्ह्याहून आले त्या दिवशी ढाराढूर झोपले, तेव्हाच मला शंका आली होती."

"मग तिचा का नाही नेला?" मी म्हटलं.

"मी तेच विचारलं. म्हटलं, तुमच्या मनात नसेल तर तुम्हीही न्या." बाईंनी चष्मा पुन्हा लावला. "त्या म्हणाल्या, नको, माझा राहू द्या. मी आधी गेले तर ह्यांच्याच्याने स्मशानात पाऊल टाकवणार नाही. आणि नाही टाकलं तर उरलेला जन्म स्वतःला खात बसतील. मूल असतं तर वेगळं. असं केलं म्हणजे त्यांना स्मशानात जावं लागणार नाही, फक्त सही करावी लागेल. तेवढं त्यांना जमतं. मी विचारलं, त्यांना सांगू का हे? तर म्हणाल्या, मी असेपर्यंत नको. माझ्यासाठी का होईना, गावोगाव छान बोलतात, बोलू द्या."

सहा वर्षं पहिल्या रांगेत बसून ती सगळं माहीत असताना टाळ्या वाजवत होती. मी तिच्याकडे बघत नव्हतो. एकदा बघायला हवं होतं मी, निदान एकदा.

बाईंनी कागद माझ्यापुढे केला आणि पेन हातात दिलं. मी र लिहिला आणि हात थांबला. पुढचं अक्षर येईना. डोळ्यांपुढे सगळं पाणी. सुहास दारातून आत आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, काका, द्या इकडे, मी करतो, मीही नातेवाईकच आहे.

मी मान हलवली आणि कागद छातीशी ओढून धरला. मग पुन्हा टेबलावर ठेवला आणि एकेक अक्षर लिहीत राहिलो. बराच वेळ लागला. तेवढं मला जमतं असं ती सांगून गेली होती.